ताईच्या मापाची गाडी

भाऊजींच्या गाडीच्या कर्जाला मी जामीन आहे. तेव्हा ही हकीकत सांगायचा पहिला मान माझा. बाकीचे लोक सांगतात ती ऐकू नका. त्यांची सही कुठंही नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. धंद्यानं शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार, आणि मधल्या दारात पडद्याच्या जागी कुणाची तरी अर्धी शिवलेली पँट. माणूस उंचीनं बेताचा. बेताचा म्हणजे कापायच्या टेबलापाशी पायाखाली फळी टाकून उभा राहतो. कामात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, असं ते स्वतः सांगतात आणि खरं म्हणजे गिऱ्हाईकंही सांगतात. मात्र त्यांच्या अंगावर कायम गिऱ्हाइकांनी न नेलेले शर्ट. कारण विचारलं तर म्हणतात, "स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही. टेप वाचायला वाकलं की माप बदलतं." दुसऱ्या शिंप्याकडे जाणं त्यांच्या अब्रूत बसत नाही आणि ताईनं घेतलेलं माप त्यांना पटत नाही. त्यामुळे परक्यांच्या मापाच्या शर्टांत त्यांचा जन्म चालला आहे.

ताई दुकानात काजं-बटणं आणि तुरपाई करायची, आणि तयार कपडे गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायची. खरं तर पोचवणं हेच तिचं आवडतं काम. एक सदरा द्यायला गेली की तीन घरं फिरून, दोन भांडणं मिटवून आणि एक लावून परत यायची. घरात टिकणारी बाई ती नव्हेच. दोन वर्षांपूर्वी दुकानाच्याच पायरीवरून ती घसरली आणि डावा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, ते यशस्वी झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून गुडघा एका मर्यादेपर्यंत वाकतो. त्यापुढं वाकवला की ताई अशी ओरडते, की समोरच्या इस्त्रीवाल्या काकू हातातली इस्त्री खाली ठेवतात.

काठी घेऊन चालणं जमतं. गाडीत बसणं जमत नाही. बसची पायरी उंच, टॅक्सीची सीट खोल. एकदा तपासणीला टॅक्सीनं नेलं, तर आत कशीबशी गेली, पण दवाखान्याच्या दारात बाहेर येईना. मग ड्रायव्हर, भाऊजी आणि मी, तिघांनी मिळून तिला ओढून काढली. कपाट जिन्यावरून उतरवताना लोक 'जरा तिरकं, जरा तिरकं' म्हणतात ना, तसं मी म्हणत होतो. येणारे-जाणारे थांबून बघत होते, एकानं तर लांबूनच सूचना दिल्या. ताई खाली मान घालून काठीनं वाट काढत आत गेली. घरी आल्यावर म्हणाली, "आता मी कुठं जायची नाही."

आणि खरंच गेली नाही. आधी ती दारात खुर्ची टाकून तुरपाई करायची आणि गल्लीच्या टोकापर्यंत दिसेल तेवढं जग बघायची. मग तिनं खुर्चीही आत घेतली. कुणाशी भांडेना. मला फार वाईट वाटायचं. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला भाऊजींनी दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या, तेव्हा मी समजायचं ते समजलो.

एक दिवस मला बोलावून म्हणाले, "गाडी घ्यायची."

"कुठली?"

"तिच्या मापाची. जिच्यातून तिला कुणी ओढून काढावं लागणार नाही."

नवी परवडणारी नव्हतीच, म्हणजे कुणीतरी वापरलेली घ्यायची. चालवणार भाऊजी. लग्नाआधी त्यांनी कपड्यांच्या एका कारखान्याची व्हॅन चालवली होती आणि त्याबद्दल ते अजून बोलतात.

लोक गाडी घेताना कंपनी बघतात, रंग बघतात, शेजाऱ्याकडे कुठली आहे ते बघतात. भाऊजींनी आधी ताईला बसवलं. स्टूल, खुर्ची, पलंग, उलटी बादली, सगळ्यांवर एकेकदा बसवलं आणि उठवलं. कशावरून ती हात न देता उठते ते बघून तेवढी उंची टिपून ठेवली. बसल्यावर टाच कुठवर जाते, मांडीला किती जागा लागते, सगळं घेतलं. वर दोन बोटं माया, म्हणजे वाढीव जागा, धरली, कारण कपड्यात माया न ठेवणारा शिंपी त्यांच्या मते चोर असतो. अडचण एवढीच होती, की ताईला गाड्यांच्या बाजारात न्यायला गाडी नव्हती.

गिऱ्हाईक समोर नसलं की शिंपी मापाला जुना कपडा मागतो. इथं कपड्याचा उपयोग नव्हता. म्हणून भाऊजींनी ताईचा पाय शिवला. जाड कॅनव्हासचा, आत चिंध्या ठासून भरलेला, मधे लाकडाच्या दोन पट्ट्या, आणि गुडघ्यात जेवढा ताईचा वाकतो तेवढाच वाकवून पक्का केलेला. डावा पाय, कमरेपासून टाचेपर्यंत. खाली तिची जुनी चप्पलही टाचली होती. काम सुबक होतं, नाव ठेवायला जागा नव्हती. ताईनं ते बघितलं आणि म्हणाली, "माझी पोटरी एवढी जाड नाही."

भाऊजींनी टेप दाखवली. ती आत निघून गेली.

हा पाय काखेत मारून आम्ही सुट्टीच्या दिवशी बाजार हिंडू लागलो. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं म्हणतात, त्यातलं शिंगरू मी. बसमध्ये कंडक्टरनं पाचव्या पायाकडे बघितलं, आमच्या चार पायांकडे बघितलं, आणि दोन तिकिटं फाडून दिली. जगात अजून समजूतदार माणसं आहेत.

शेवटी शहराबाहेरच्या एका शेडमध्ये गेलो. धुऊन पुसून ओळीनं उभ्या केलेल्या गाड्या, काचांवर किमती, आणि चकचकीत बुटांचा एक विकणारा. प्रत्येक वाक्यात तो दोनदा साहेब म्हणायचा.

"साहेब, वापर कसा आहे? गावाबाहेर की शहरात, साहेब?"

"शहरात," भाऊजी म्हणाले. "गिऱ्हाइकांकडे ट्रायलला जायचं. कधीमधी दवाखाना. मागं कपडे टांगायला दांडा बसला पाहिजे. आणि पुढं हा बसला पाहिजे." असं म्हणून त्यांनी पाय पुढं केला.

विकणाऱ्यानं तो दोन्ही हातांत घेतला, इकडून तिकडून बघितला आणि म्हणाला, "छान आहे, साहेब."

मग निवड सुरू झाली. एक लाल गाडी दिसायला देखणी, पण इतकी बुटकी की तिच्यातून ताईला उठवायला क्रेन लागली असती. एक जीपसारखी, तिला चढायला शिडी हवी. एका गाडीची सीट बरोब्बर उंचीची, पण दार अर्धंच उघडायचं आणि पाय अडकायचा. एक सातजणांची गाडी स्वस्तात मिळत होती. मी म्हटलं, घेऊन टाका. भाऊजी म्हणाले, "दोन माणसांना सात माणसांचा कोट कशाला? मग त्याला पेट्रोल पाजत बसायचं."

आमच्याबरोबर ओळखीचा गॅरेजवाला मिस्त्री होता. गाडी त्यानं चालवून बघायची, असं ठरलं होतं. पुढं त्याच्याशेजारी पाय, पट्टा लावून. मागं भाऊजी आणि मी. मिस्त्रीनं क्लच दाबून गियर बदलला की गाडीला हिसका बसायचा, पाय पुढं जाऊन आपटायचा आणि मागून भाऊजी ताईच्या वतीनं "आई गं" म्हणायचे. असं चार-पाच वेळा झाल्यावर मिस्त्री म्हणाला, "तुम्हाला बिनक्लचची बघा. गियर तिचे तीच बदलते. नाहीतर मला चालवायला सुधरणार नाही."

बिनक्लचची एकच होती. राखाडी, सात-आठ वर्षं वापरलेली, एकाच मालकाच्या हातातली. सीटची उंची जमली, दार सताड उघडत होतं. मिस्त्रीनं खाली झोपून, वर वाकून, कान लावून ती तपासली. इंजिन ठीक, पुढचे टायर गेलेले, त्याचे पैसे किमतीतून कापा म्हणाला. मी पोस्टात काउंटरवर बसतो, कागद ही माझी बाजू. आधीच्या मालकाचं कर्ज फिटल्याचा दाखला मागितल्याशिवाय मी हललो नाही. भाऊजी मात्र अर्धा तास ड्रायव्हरच्या सीटचं कव्हर बघत होते. बाहेरून वाकून, बोटानं शिवण चाचपत. मग म्हणाले, "मालक चांगला उंच आणि वजनदार होता. पाकीट उजव्या खिशात ठेवायचा."

विकणारा थक्क झाला. "बरोबर, साहेब! तुम्हाला कसं कळलं?"

भाऊजींनी नुसता हात हलवला. मग पहिल्यासारखेच बसलो: मिस्त्री चालवायला, पाय पुढं, आम्ही मागं. गाडी लोण्यातून चालल्यासारखी गेली. पाय जागचा हलला नाही. भाऊजींनी मागून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि डोळे मिटून घेतले. "हीच," ते म्हणाले.

कर्जाची सोयही विकणाऱ्याकडे होती. "साहेब, किंमत बघू नका, हप्ता बघा." हप्ता बघितला. इतका लहान की त्याला उचलून कडेवर घ्यावं. मी विचारलं, वर्षं किती? त्यानं वर्षं सांगितली तेव्हा मिस्त्री खोकला. "तेवढी वर्षं ही गाडी जगायची नाही," तो म्हणाला.

"म्हणजे शर्ट फाटून चिंध्या झाल्या तरी मी शिलाई देतच राहायची?" भाऊजींनी विचारलं. विकणारा नुसतंच साहेब, साहेब म्हणाला.

तेव्हा आम्ही पतपेढीत गेलो. तिथल्या व्यवस्थापकाचे कपडे भाऊजींकडेच शिवतात. त्यांची खरी कंबर भाऊजींना माहीत होती आणि भाऊजींची खरी मिळकत त्यांना. दोघंही एकमेकांचं झाकून होते. भाऊजींनी सांगितलं, शाळा उघडायच्या वेळी गणवेशांचं काम येतं, तेव्हा जास्त भरीन, एरवी कमी. व्यवस्थापक म्हणाले, असा रकाना नाही. पण मधे जास्त भरलं तर दंडही नाही. दुकानाच्या नव्या शटरसाठी साठवलेले पैसे आधी भरायचे, म्हणजे कर्ज लहान होईल आणि गाडी म्हातारी व्हायच्या आत फिटेल. "आणि जामीन?" त्यांनी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी एक-एक ओळ वाचली आणि सही केली. त्या कागदाची प्रत अजून माझ्या उशाखाली असते.

गाडी विकणाऱ्याच्या माणसानं गल्लीत आणून लावली आणि तो किल्ली देऊन गेला. अख्खी गल्ली बाहेर. ताई यायला तयार नव्हती. "बघून घेतलं ना तुम्ही सगळ्यांनी? मग झालं," म्हणत होती. भाऊजी तिच्यापुढं उभे राहिले आणि म्हणाले, "एकदा ट्रायल दे. नाही बसलं तर उसवू."

ती काठी टेकत आली. डावीकडचं दार उघडलं, पाठ वळवली, बसली, आणि मग पाय आत घेतले. आधी उजवा, मग डावा. कुणाचा हात नाही, ओरडणं नाही. तिनं आजूबाजूला बघितलं. "बसले की!" ती इस्त्रीवाल्या काकूंना म्हणाली, आणि हसली.  भाऊजींनी जन्मात शिवलेल्या कपड्यांत इतकं बेतशीर काम दुसरं नसेल.

मग ते रुबाबात पलीकडून ड्रायव्हरच्या जागी बसले, दार लावलं, आणि दिसेनासे झाले.

मी काचेतून आत वाकलो. भाऊजी सीटमध्ये खोल रुतले होते आणि त्यांचे पाय ब्रेकपासून वीतभर अलीकडे हवेत होते. सीट पुढं घ्यायचा दांडा त्यांनी ओढला. मी ओढला. मागं बसून मी ढकललं, पुढून दोन शेजाऱ्यांनी ओढलं. सीट हलेना. त्या उंच, वजनदार मालकानं ती एकदा मागं नेली होती आणि पुन्हा कधी हात लावला नव्हता. खालचे रूळ गंजून एक झाले होते. मिस्त्रीला फोन लावला.

"सीट पुढं घेऊन बघितली नव्हती?" त्यानं विचारलं.

"मी बसलोच नव्हतो," भाऊजी म्हणाले.

मिस्त्रीनं कपाळावर हात मारल्याचा आवाज फोनवर आला. त्याचा तरी काय दोष. तो माझ्याएवढा उंच, त्याला ती सीट जिथं होती तिथंच सोयीची वाटली होती. मग म्हणाला, रूळ मागवावे लागतील, पंधरा-वीस दिवस धरा.

भाऊजी दुकानातून चिंध्यांचं गाठोडं आणून पाठीमागं लावून बसले. आता पाय पोचले, पण हनुवटी स्टिअरिंगवर आली. गल्लीनं यावर मतं दिली. एकजण म्हणाला, ठोकळे बांधा पायांना. दुसरा म्हणाला, उभ्यानं चालवा. आणि ताई या सगळ्यात शेजारच्या सीटवर, समोर बघत बसून होती. तिचं हसू कधी गेलं ते मला कळलं नाही. तेवढ्यात एक दांडगा शेजारी तिच्या दाराशी आला. मन साफ, अक्कल थोडी. "ताईंना उतरवून घेऊ या आत्ता. धरा रे एकीकडून," तो म्हणाला आणि त्यानं बाह्या सारल्या.

मी ताईचा चेहरा बघितला. दवाखान्याच्या दारात होता, तोच. आता ही उतरून आत गेली तर पुन्हा कधी उंबऱ्याबाहेर यायची नाही, हे मला स्पष्ट दिसलं, आणि काय करावं ते सुचेना.

"हात लावू नका," ताई म्हणाली. मग वळून, "अहो, उतरा."

"अगं, जमतंय. थोडं उंच बसलो की..."

"उतरा म्हणते ना."

भाऊजी गाठोड्यासकट उतरले. ताई आपली आपण उतरली, बॉनेटला हात लावत पुढून वळसा घालून आली आणि उजव्या दाराशी उभी राहिली.

आता सांगतो. आमच्या वडिलांची बेकरी होती आणि लग्न होईपर्यंत पावाची व्हॅन ताईच चालवायची. पहाटे सगळ्या दुकानांना पाव घालून, वर उधारीवरून दुकानदारांशी वाद घालून घरी यायची. परवाना मुदत संपायच्या आधी ती दर वेळी नवा करून आणायची. ताईला गाडी चालवता येते, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि म्हणूनच कुणाच्या लक्षात नव्हतं. "काखेत कळसा," इस्त्रीवाल्या काकू मोठ्यानं म्हणाल्या. पुढचं म्हणायची गरज पडली नाही.

उजव्या दारानं बसायचं तर डावा पाय आधी आत जातो. त्याचं माप कुणी घेतलंच नव्हतं. भाऊजी टेप काढून धावले. "थांब, इकडून किती जागा आहे ते—"

"टेप ठेवा खिशात," ताई म्हणाली.

ती आडवी बसली. दोन्ही हातांनी डावा पाय उचलला आणि आत घेतला. एकदा "आई गं" म्हणाली. काकूंनी इस्त्री खाली ठेवली. पण सीट पार मागं होती, म्हणून पाय गेला आणि लांब पसरून राहिला. त्या गाडीला डाव्या पायाकडून काही नकोच असतं. तिनं आरसा नीट केला. उजव्या पायानं ब्रेक दाबून बघितला. आमच्या घराण्याच्या उंचीनं आजवर कुणाचं भलं केलं नव्हतं, ते त्या दिवशी केलं.

भाऊजी घाईघाईनं पलीकडून येऊन शेजारी बसायला लागले. ताईनं मान हलवली. "तुम्ही नको."

"एकटी? अगं, इतक्या वर्षांनी, नवी गाडी, तुझा पाय..."

"दोन वर्षं सगळे मला न्यायला बघताहेत," ताई म्हणाली.  "तुम्ही माझ्यासाठी केलंत ते मला दिसतं हो. पण मला कुणी न्यायला नकोय. मला जायचंय."

भाऊजींनी दार हळूच लावलं आणि मागं सरकले. ताईनं गल्लीतच गाडी एकदा पुढं घेतली, एकदा मागं घेतली, दांडग्या शेजाऱ्याला हॉर्न मारून बाजूला केलं, आणि गेली. टोकाला वळायचा दिवा लागला. मग गल्ली रिकामी झाली.

खोटं कशाला बोला, आधी मला माझी सही आठवली आणि मग बहीण. भाऊजी उभ्या उभ्या रडत होते. लाजेनं की आनंदानं, मी विचारलं नाही. मला वाटतं दोन्ही असावं. गल्लीतले लोक एकेक करून आपापल्या घरी गेले. आम्ही दुकानाच्या पायरीवर बसलो. एक गिऱ्हाईक पँट न्यायला आलं, तर भाऊजी त्याला "उद्या" म्हणाले, आणि पँट तयार होती.

ऊन उतरलं तेव्हा गाडी आली. ताईनं ती पायरीला लावली, एका दमात. दार उघडून दोन्ही हातांनी पाय बाहेर घेतला, काठी टेकली आणि उभी राहिली. केस विस्कटलेले होते. तिला घाम आला होता आणि पाय दुखत होता, ते दिसत होतं.

"कुठं गेली होतीस?" भाऊजींनी विचारलं.

"बाहेर," ताई म्हणाली, आणि किल्ली स्वतःच्या पिशवीत टाकून आत गेली.